बटणामागचं सर्किट : विज्ञान केंद्रांतल्या स्वस्त नियंत्रकांची पार्श्वभूमी

विज्ञान केंद्रातलं बटण दाबलं की दिवे लागतात, मोटर फिरते, निवेदन सुरू होतं आणि थोड्या वेळाने सगळं आपोआप थांबतं. पुढची शाळा रांगेत उभीच असते. हे थांबवण्याचं काम पेटीच्या आत बसलेला नियंत्रक करतो. निविदांमध्ये अधूनमधून एक अट डोकावते, की हा नियंत्रक 'औद्योगिक दर्जाचा पीएलसी'च (कारखान्यांतली यंत्रं चालवणारा, प्रोग्रॅम करता येणारा नियंत्रक) असावा, आर्डुइनोसारखा पाच-सातशे रुपयांचा 'हॉबी बोर्ड' चालणार नाही. या अटीवरून पुरवठादार आणि केंद्रांतले तंत्रज्ञ यांच्यात जुनाच वाद आहे. तो समजायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे जाण्याची गरज नाही. बर्लिनमध्ये १८८८ साली स्थापन झालेल्या उरानिया या संस्थेने प्रेक्षकांनी स्वतः चालवायचे प्रयोग मांडले. १९२५ साली म्युनिकच्या संग्रहालयाची स्वतःची इमारत खुली झाली, तेव्हा तिथे बटणं आणि हँडल होती. १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उघडलेल्या केंद्राने बटण दाबून नुसतं बघत राहण्यालाच आक्षेप घेतला आणि आपल्या प्रयोगांची कृती पुस्तकरूपाने इतरांना खुली केली. आपल्याकडे कोलकात्याचं संग्रहालय १९५९ चं आणि तिथली फिरती प्रदर्शन बस १९६५ ची. मुंबईत वरळीला १९७७ साली प्रकाश आणि दृष्टी या विषयावरच्या दालनाने सुरुवात झाली, पूर्ण केंद्र उभं राहिलं १९८५ मध्ये. आपल्या केंद्रांनी सुरुवातीपासून एक्झिबिट शक्यतो स्वतःच्या कार्यशाळेत बनवले. परदेशातून तयार माल आणणं परवडणारं नव्हतं, आणि आणला तरी दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न होताच. पुढच्या सगळ्या गोष्टीत ही कार्यशाळा महत्त्वाची आहे.

त्या काळचा नियंत्रक म्हणजे कॅम टायमर. एक छोटी सिंक्रोनस मोटर, तिच्या सावकाश फिरणाऱ्या दांड्यावर खाचा पाडलेल्या चकत्या आणि प्रत्येक चकतीवर टेकलेला एक मायक्रोस्विच. खाच आली की स्विच सुटतो, दिवा विझतो. जुन्या वॉशिंग मशीनची गोल खुंटी ज्यांनी उघडून पाहिली आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको. क्रम बदलायचा तर चकती नव्याने कापायची. १९७२ साली ५५५ ही वेळ मोजणारी आयसी (छोटी चिप) बाजारात आली आणि साध्या एक्झिबिटमधून कॅम टायमर गेला. शंभर किलोओहमचा रेझिस्टर, शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पुढे एक रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), की अकरा सेकंदांचा टायमर तयार. कपॅसिटर जुना झाला की अकराचे पंधरा होत, कधी नऊ. कोणी तक्रार करत नसे.

खरा बदल मायक्रोकंट्रोलरने, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणाऱ्या चिपने केला, पण तोही एका झटक्यात नाही. ८०५१ हे अशा चिपचं कुटुंब १९८० चं. महाराष्ट्रातल्या डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात ते इतकी वर्षं ठाण मांडून बसलं की इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस म्हणजे ८०५१ येणारा माणूस, हे गृहीतच होतं. सुरुवातीच्या चिपमधला प्रोग्रॅम पुसायचा तर तिच्या पाठीवरच्या काचेच्या खिडकीवरचा स्टिकर काढून ती पंधरा-वीस मिनिटं अतिनील दिव्याखाली ठेवावी लागे. म्हणजे दालनात उभं राहून 'हा दिवा आणखी तीन सेकंद राहू दे' असं कोणी म्हटलं, तर चिप उपसून कार्यशाळेत न्यायची, पुसायची, नव्याने भरायची, परत बसवायची आणि मग कळायचं की तीन नाही, पाच हवे होते. अशा वेळी बहुतेक लोक 'आहे ते ठीक आहे' म्हणत.

नव्वदच्या दशकात हे संपलं. १९९३ च्या पीआयसी१६सी८४ मध्ये विजेनेच पुसता येणारी मेमरी होती, पाठोपाठ ८०५१ च्याच कुटुंबातली, फ्लॅश मेमरीची ८९सी५१ आली. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत ती शंभराच्या आसपास मिळू लागली. अमेरिकेत १९९२ साली बेसिक स्टॅम्प हा बोर्ड आला, ज्याला बेसिक या सोप्या भाषेत प्रोग्रॅम करता येई. तिकडच्या छोट्या संग्रहालयांनी तो उचलला, इकडे तो महागच राहिला. आवाजासाठी फिरत्या टेपऐवजी वीस सेकंद बोलणारी आयएसडी चिप मिळाली. दालनातल्या निवेदनांची लांबी वीस सेकंदांत बसवायची सवय काही ठिकाणी त्या चिपपासून लागली असावी, आणि ती वाईट सवय नव्हती.

याच टप्प्यावर दुसरी एक गोष्ट शिरली, आजच्या वादाचं मूळ खरं तर तिच्यात आहे. या चिपमध्ये लॉक बिट असतात. ते लावले की आतला प्रोग्रॅम वाचून घेता येत नाही. केंद्राच्या कार्यशाळेला काम झेपेनासं झालं आणि एक्झिबिट बाहेरून बनवून घेण्याची पद्धत वाढली, तसे पुरवठादार लॉक लावूनच माल देऊ लागले. धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. पण चिप गेली की एक्झिबिट गेला. देखभाल करार चालू असेल तर त्याच पुरवठादाराकडे जायचं, नसेल तर पाटी लावायची : 'दुरुस्तीसाठी बंद'.

२००५ मध्ये इटलीतल्या इव्रिया गावात आर्डुइनो हा मायक्रोकंट्रोलरचा तयार बोर्ड जन्माला आला. त्याआधी २००३ मध्ये तिथल्याच एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातून वायरिंग नावाचा बोर्ड निघाला होता, आर्डुइनो त्याच्या पायावर उभा आहे. हा बोर्ड इंजिनिअरांसाठी बनलेला नव्हता. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या डिझाइनच्या विद्यार्थ्यांना दिवे, मोटरी, सेन्सर हाताळता यावेत एवढाच हेतू होता, आणि संग्रहालयांत नेमके असेच लोक असतात. चिपमध्ये प्रोग्रॅम भरणारं वेगळं उपकरण नको, यूएसबीची वायर लावली की झालं. रचना खुली असल्याने चीनमधून नकलांचा पूर आला आणि २०१० च्या उनो या मॉडेलची नक्कल आपल्या बाजारात काही शे रुपयांवर आली. दालनात लॅपटॉप घेऊन उभं राहायचं, तीनचे पाच सेकंद करायचे, शाळेचा पुढचा गट कसा वागतो ते पाहायचं आणि पुन्हा बदलायचं. स्वस्त बोर्डाची खरी कमाई ही होती. किमतीचा विचार केला तर शंभर रुपयांची ८९सी५१ त्याहून स्वस्तच होती.

आता निविदेतली ती पीएलसीची अट. पीएलसीचा जन्म १९६८-६९ चा. अमेरिकी मोटार कारखान्यांत रिलेंची कपाटंच्या कपाटं असत, ती हटवण्यासाठी तो बनला. धूळ, उष्णता, शेजारी सुरू-बंद होणाऱ्या मोटरी, सगळं गृहीत धरून. त्याच्या बाजूने बोलणारे सांगतात की आमचा एक्झिबिट दिवसात शेकडो वेळा दाबला जातो, वर्षानुवर्षं चालायला हवा, तेव्हा खेळण्यातला बोर्ड कशाला? शिवाय पीएलसीचा प्रोग्रॅम ज्यात मांडतात ते शिडीसारखं लॅडर चित्र साध्या इलेक्ट्रिशियनलाही वाचता येतं. दोन्ही मुद्दे खोटे नाहीत.

आर्डुइनोवाले म्हणतात, दहा हजारांचा पीएलसी एका बटणाला आणि चार दिव्यांना लावणं ही उधळपट्टी आहे. तेवढ्यात दहा एक्झिबिटचे बोर्ड येतात, वर दोन कपाटात ठेवायला. हेही खरं. मात्र 'बोर्ड कधी बिघडतच नाही' हा त्यांचा दावा जरा जपून घ्यावा.

पेटी उघडून पाहिली तर वाद दुसरीकडेच जातो. पीएलसीचा इनपुट २४ व्होल्टवर चालतो आणि बटणातून काही मिलिअँपिअर प्रवाह ओढतो. उनोच्या आतला पुल-अप (बटण दाबलेलं नसताना पिन पाच व्होल्टवर धरून ठेवणारा रेझिस्टर) वीस ते पन्नास किलोओहमचा, म्हणजे पाच व्होल्टवर प्रवाह जेमतेम पाव मिलिअँपिअर. बटणाची तीन मीटर वायर मोटरच्या वायरला खेटून नेली की मोटर सुरू होताना बोर्डला वाटतं बटण दाबलं गेलं. यालाच दालनात 'आपोआप चालू होतो' म्हणतात. उपाय काय, तर बाहेरून एक किलोओहमचा पुल-अप, पिळलेली वायर, जमलं तर दहा रुपयांच्या आत मिळणारा ऑप्टोकपलर, जो दोन सर्किटं विजेने न जोडता प्रकाशाने संदेश पोचवतो. रिलेच्या कॉइलवर, ती बंद होताना उसळणारा व्होल्टेज जिरवणारा उलटा डायोड नसेल तर रिले सुटताना बोर्ड रीसेट होतो. तो डायोड एक-दोन रुपयांचा आहे. बाजारातल्या निळ्या रिले मॉड्यूलवर ऑप्टोकपलर दिसतो म्हणून लोक निश्चिंत असतात, पण जेडी-व्हीसीसी (रिलेच्या बाजूचा पुरवठा) या पिनवरची जोडपट्टी, म्हणजे जंपर, तशीच राहिली तर दोन्ही बाजूंना एकच पुरवठा जातो आणि विलगीकरण नावालाच उरतं. जंपर वायरी, म्हणजे नुसत्या खोचून बसवायच्या वायरी, हा आणखी वेगळा विषय. त्या टेबलावर प्रयोग करण्यासाठी आहेत. फिरत्या बसमधल्या एक्झिबिटमध्ये त्या घालणाऱ्याने निदान एकदा त्या बसमधून खड्ड्यांचा रस्ता करावा.

पीएलसीच्या पेटीत हे संरक्षण आधीच भरलेलं असतं, आपण त्याचेच पैसे मोजतो. बोर्डावर ते आपण घालायचं असतं, आणि सर्वांत कमी दराची निविदा भरणारा ते गाळतो. म्हणून अट बोर्डाच्या नावावर बसली. ती चुकीच्या जागी बसली आहे. तिने बटणाच्या वायरीबद्दल काही म्हटलेलं नाही, आणि प्रोग्रॅम मूळ स्वरूपात केंद्राच्या हवाली करावा हेही नाही. पासवर्ड लावलेला पीएलसी आणि लॉक केलेली ८९सी५१ यांत केंद्राच्या तंत्रज्ञाला फरक तो काय?

नकलांनी या वादात आणखी भर घातली. ऑक्टोबर २०१४ मध्ये बोर्ड संगणकाला जोडणारी यूएसबी चिप बनवणाऱ्या एका कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने बनावट चिप निकामी केल्या. संगणक अपडेट झाला आणि काल ओळखला जाणारा बोर्ड आज ओळखला जाईना. पुढच्या नकलांवर सीएच३४० ही वेगळी चिप सर्रास दिसू लागली.

२०१२ मध्ये ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय हा एका बोर्डावरचा छोटा संगणक आला आणि दालनातले डीव्हीडी प्लेअर हद्दपार झाले. फिल्म संपून पुन्हा सुरू होताना येणारा काळा पडदा गेला. मात्र संध्याकाळी दालन बंद करताना पहारेकरी थेट मेन स्विच खाली करतो, आणि त्या क्षणी पाय एसडी कार्डवर लिहीत असेल तर दुसऱ्या दिवशी पडद्यावर फिल्मऐवजी पांढरी अक्षरं दिसतात. कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवण्याची सोय आहे, ती वापरली तर हा प्रश्न बहुतांशी सुटतो.

कोविडनंतर बटणांना हात लावायचा की नाही हा प्रश्न आला. हात समोर धरला की चालणारे इन्फ्रारेड सेन्सर आणि पायाने दाबायची पॅडल बसली, आणि अशा फेरबदलाला प्रोग्रॅम हाताशी असणारी केंद्रं मोकळी होती. पाठोपाठ चिपचा तुटवडा आला. ऑक्टोबर २०२१ मध्ये पाय ४ च्या दोन जीबी मॉडेलची किंमत ३५ वरून ४५ डॉलर झाली, पण खरी अडचण तो मिळतच नसल्याची होती. पुरवठा रुळावर यायला २०२३ उजाडलं. त्याच २०२१ च्या जानेवारीत चार डॉलरचा पिको हा रास्पबेरी पायवाल्यांचाच मायक्रोकंट्रोलर बोर्ड आला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये एका बड्या अमेरिकी चिप कंपनीने आर्डुइनो विकत घेत असल्याचं जाहीर केलं.

पिको, ईएसपी३२ हे नवे स्वस्त बोर्ड ३.३ व्होल्टचे आहेत. दालनांत आधीच बसलेले कित्येक सेन्सर पाच व्होल्टचे. त्यांची थेट जोडणी केली तर बोर्डाची पिन जाऊ शकते, मध्ये व्होल्टेज जुळवून देणारा लेव्हल शिफ्टर लागतो. त्यामुळे जुन्या एक्झिबिटच्या दुरुस्तीसाठी उनोच्या नकलांचा साठा करून ठेवणं तंत्रज्ञांना अजून सोयीचं वाटतं, आणि ज्या निविदेत पीएलसीची अट आहे तिथे खरेदीच्या यादीत हे बोर्ड 'किरकोळ सुटे भाग' या नावाखाली येतात.