मॅक्वेरी बेटावरील सशांच्या निर्मूलनाची पार्श्वभूमी

टास्मानियाच्या आग्नेयेस सुमारे १५०० किलोमीटरवर असलेले मॅक्वेरी हे चिंचोळे, वृक्षहीन बेट १८१० साली सीलची शिकार करणाऱ्यांच्या दृष्टीस पडले. जमिनीवरचा एकही भक्षक तेथे नव्हता. त्यामुळे पेट्रेलसारखे समुद्रपक्षी बिळांत निर्धास्तपणे अंडी घालत. शिकाऱ्यांच्या जहाजांबरोबर उंदीर आले, पहिल्या दहा वर्षांतच मांजरे आली आणि १८७० च्या दशकात अडीअडचणीला मांस मिळावे म्हणून ससे व न्यूझीलंडमधील वेका हा पक्षी मुद्दाम सोडण्यात आला. ससे आल्याने मांजरांना वर्षभराचे खाद्य मिळाले, त्यांची संख्या वाढली, आणि एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच त्या बेटाखेरीज कोठेही न आढळणारा पोपट नामशेष झाला.

विसाव्या शतकातील उपाय एकेका प्राण्यापुरते पाहणारे होते. सशांमध्ये रोग पसरवणारा मिक्सोमा विषाणू १९७८ साली सोडण्यात आला. त्याचा प्रसार व्हावा म्हणून दहा वर्षे आधी पिसवाही आणून सोडल्या होत्या. लाखाहून अधिक असलेले ससे वीस हजारांच्या आत आले, गवत पुन्हा वाढले. परंतु भक्ष्य कमी झालेली मांजरे समुद्रपक्ष्यांकडे वळली. म्हणून मांजरांचे निर्मूलन हाती घेण्यात आले आणि २००० साली शेवटचे मांजर मारले गेले. त्यानंतरच्या सहा वर्षांत ससे पुन्हा लाखापार गेले. भित्रेपणासाठी ज्याच्या काळजाचे नाव आपण घेतो, त्या प्राण्याने डोंगरउतार अक्षरशः बोडके केले. सप्टेंबर २००६ मध्ये अतिवृष्टीने असाच एक उतार ढासळून किंग पेंग्विनच्या वसाहतीवर कोसळला.

मांजरे हटवल्यामुळे हे घडले, की विषाणूचा प्रभाव ओसरल्यामुळे, यावर शास्त्रज्ञांत २००९ साली जाहीर वाद झाला. माझ्या मते दोन्ही कारणे एकमेकांत गुंतलेली होती. चूक मांजरे हटवण्यात नव्हती, तर सशांचा बंदोबस्त त्याच वेळी न करण्यात होती.

ऑस्ट्रेलियाच्या केंद्र व टास्मानिया सरकारांनी २००७ साली ससे व लहान-मोठे उंदीर यांना एकत्रच हटवण्यासाठी सुमारे अडीच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मंजूर केले. २०१० मध्ये हेलिकॉप्टरने विषारी आमिष टाकण्याचे काम खराब हवामानामुळे अर्धवट सोडावे लागले, शिवाय मेलेले ससे खाऊन शेकडो समुद्रपक्षी दगावले. पुढच्या वर्षी आधी दुसरा एक विषाणू सोडून बहुतेक ससे कमी करण्यात आले, म्हणजे विषाने मेलेल्या सशांचे, पक्ष्यांच्या तोंडी लागणारे मृतदेह थोडेच उरले. आमिषानंतर वाचलेले अवघे १३ ससे माणसांनी व प्रशिक्षित कुत्र्यांनी शोधून काढले. तरीही गस्त चालूच राहिली आणि एप्रिल २०१४ मध्ये बेट मुक्त झाल्याचे जाहीर झाले. उंच टसॉक गवत व मॅक्वेरी कोबी उतारांवर परतली आहेत, आणि निळे पेट्रेल पुन्हा मुख्य बेटावर घरटी करतात.