नागाचा कान आणि गारुड्याची पुंगी

नागपंचमी जवळ आली की गारुड्याचे व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरायला लागतात आणि लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते नाग पुंगीवर डोलतो, दुसरी म्हणते साप ठार बहिरा. दोघांचंही चुकतंय.

सापाला बाहेरचा कान नाही, कानाचा पडदाही नाही, पण आतला कान शाबूत आहे. शाळेत आपण हातोडा, ऐरण, रिकीब अशी मधल्या कानातली तीन हाडं शिकलो, त्यातलं रिकिबीच्या जागेचं एकच हाड सापाकडे आहे आणि ते खालच्या जबड्याला जोडलेल्या क्वाड्रेट नावाच्या हाडाला टेकलेलं असतं. म्हणजे जबडा जमिनीवर ठेवला की जमिनीची थरथर जबड्यातून क्वाड्रेटमध्ये, तिथून त्या काडीएवढ्या हाडात आणि मग थेट आतल्या कानात. आणि भारी गोष्ट ही की आपली ऐरण म्हणजे उत्क्रांतीत बदललेलं तेच क्वाड्रेट! हवेतला आवाजही सापाला कळतो कारण त्याने त्याची कवटीच थरथरते. 2012 साली रॉयल पायथन जातीच्या अजगरांवर झालेल्या प्रयोगात 80 ते 160 हर्ट्झचा खर्ज त्यांना सगळ्यात चांगला कळतो असं दिसलं. पेटीवरची मध्य सप्तकातली काळी एकसुद्धा 277 हर्ट्झची असते, त्यामुळे पुंगी नागाच्या कानावर पडलीच तर पुसटशी.

मग डोलतो का? मानेच्या लांब बरगड्या फाकवून फणा काढणं हा बचावाचा पवित्रा आहे, समोर पुंगी हलते आणि धोका नजरेआड होऊ नये म्हणून तो तिच्या मागे वळत राहतो. घाबरलेल्या जिवाला आपण टाळ्या वाजवतो, हे मला सहन होत नाही.

पुढचं तर त्याहून वाईट. विषदंत पुन्हा येतात म्हणून परत परत उपटतात, तोंडात जखमा सडतात, कधी तोंडच शिवतात. सणाआधी उपाशी तहानेला ठेवलेला नाग समोर येईल ते पितो आणि लोक म्हणतात नागोबाने दूध घेतलं! सापाला दूध पचत नाही, श्वासनलिकेत गेलं तर मरतोही. ही पूजा नाही, छळ आहे, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने नाग पकडून असा खेळवणं गुन्हा आहे.

गारुड्याच्या पोटाचं काय हा प्रश्न मात्र खरा आहे. तमिळनाडूत इरुला जमातीच्या साप पकडणाऱ्यांनी 1978 मध्ये सहकारी सोसायटी काढली, ते परवान्याने साप पकडतात, प्रतिविषासाठी विष काढतात आणि काही आठवड्यांनी साप परत जंगलात सोडून देतात.