मुरवलेलं पिंजर की शिंपडलेलं पिंजर?

कोल्हापूरच्या राधानगरी, गगनबावडा, भुदरगड भागात भाताची मळणी उरकली की दारोदार पिंजराच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गंज्या लागतात. उसाचं वाडं संपलं की वाढीच्या रेड्या-कालवडींच्या पुढ्यात तेच पडतं. पोट भरतं, पण जनावर अंग धरत नाही. पिंजरात प्रथिनं जेमतेम ३ ते ४ टक्के असतात, आणि कोठीपोटातल्या (जनावराच्या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातल्या) जिवाणूंना नीट काम करायला वैरणीत निदान ७ टक्के लागतात. जिवाणू उपाशी, तर पिंजर पचत नाही आणि जनावर खातंही कमी.

मग कुणीतरी सांगतं, "पिंजराला युरिया लावा." सल्ला खरा आहे. पण युरिया लावायच्या पद्धती दोन आहेत, आणि एकीचं माप दुसरीला लावलं तर जनावर दगावू शकतं.

पहिली पद्धत मुरवण्याची. १०० किलो पिंजराला ४ किलो युरिया, ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. पिंजराचा थर द्यायचा, झारीनं पाणी सारखं मारायचं, पायानं तुडवायचं, वर पुढचा थर. शेवटी ताडपत्री घालून कडा मातीनं लिंपायच्या, वारा आत जाता कामा नये. असं २१ दिवस. आत युरियाचा अमोनिया होतो आणि तो पिंजराच्या चिवट काडीतले बंध सैल करतो. म्हणजे पचनाचं थोडं काम जनावराच्या तोंडी जायच्या आधीच झालेलं असतं. प्रथिनांचं प्रमाणही ७-८ टक्क्यांपर्यंत जातं. ताडपत्री उचलली की वासानं डोळ्यांत पाणी येतं, काडी गडद तपकिरी आणि मऊ झालेली दिसते. हीच चांगल्या मालाची खूण. काळी बुरशी धरलेला भाग मात्र सरळ उकिरड्यावर टाकावा. रोज लागेल तेवढंच काढून तास-दोन तास उघड्यावर पसरायचं, जादा अमोनिया उडून जातो, मगच दावणीत टाकायचं.

दुसरी पद्धत शिंपडण्याची. १०० किलोला युरिया फक्त १ किलो, सोबत १० किलो मळी (साखर कारखान्यातला काळा, दाट गोड पाक), १ किलो खनिज मिश्रण आणि १० ते १५ लिटर पाणी. मळी मिळाली नाही तर गुऱ्हाळावरचा हलका काळा गूळ चालतो. शिंपडून, उलथापालथ करून लगेच खायला घालतात. इथं काडी होती तशीच राहते. फक्त जिवाणूंना नत्र मिळतं आणि ते वापरायला गोडाची ताकद मिळते.

घोटाळा होतो तो इथंच. मुरवलेल्या पिंजरात ४ किलो घातले तरी २१ दिवसांनी त्यात युरिया जवळपास उरत नाही. शिंपडलेल्यात तो जसाच्या तसा पोटात जातो. सवय नसलेल्या जनावराला वजनाच्या किलोमागे ०.३ ते ०.५ ग्रॅम युरिया एकदम गेला तरी विषबाधा होऊ शकते. दीडशे किलोच्या रेडीला म्हणजे ४५ ते ७५ ग्रॅम. तिनं ३ किलो पिंजर खाल्लं तर १ किलोच्या मापानं ३० ग्रॅम जातो, ४ किलोच्या मापानं १२०! म्हणून माप डोळ्यानं नाही, काट्यावर करा. तळाशी साचलेलं युरियाचं पाणी जनावराला चाटू देऊ नका. अंग थरथरणं, तोंडाला फेस, पोटफुगी दिसली तर वैरण लगेच बाजूला करून डॉक्टरांना बोलवा.

माझं मत विचाराल तर घरचं भरपूर पिंजर आणि चार हात मदतीला असतील त्यानं मुरवावं. मेहनत आहे, पण फरक तिथंच मोठा पडतो. विकतच्या थोड्या वैरणीवर दोन जनावरं असतील तर शिंपडणं पुरे. दोन्हीत आठ-दहा दिवस थोडं थोडं वाढवत न्या. सहा महिन्यांच्या आतल्या वासरा-रेडकांना यातलं काहीच घालू नका, त्यांचं कोठीपोट अजून पुरतं तयार झालेलं नसतं.

आणि वाढत्या जनावराचं एवढ्यावर भागत नाही. जिवाणूंनी बनवलेली प्रथिनं त्याला कमी पडतात, म्हणून अर्धा-पाऊण किलो सरकी पेंड आणि थोडी ओली वैरण रोज हवीच. पेंड महाग झाली की पहिली कात्री रेडीच्या वाट्याला लागते, कारण ती अजून दूध देत नाही. पण अंग न धरलेली रेडी माजावर उशिरा येते, आणि तेवढे महिने तिला बसून सांभाळावं लागतं.