पाश्चात्त्य देशांतल्या मुसलमानांचं एकात्मीकरण (तुलना)

युरोप-अमेरिकेत स्थायिक झालेले मुसलमान तिथे कितपत आणि कसे रुळले, याची देशादेशांत केलेली तुलना. इंटिग्रेशन म्हणजे एकात्मीकरण आणि असिमिलेशन म्हणजे सात्मीकरण (आपलं वेगळेपण सोडून पूर्ण मिसळून जाणं), पण पेपरात दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. इंटिग्रेशनला आजचा राजकीय अर्थ नेमका कधी चिकटला ते सांगणं कठीण, ब्रिटनपुरतं बोलायचं तर गृहमंत्री रॉय जेनकिन्स यांचं मे १९६६ चं भाषण सहसा सुरुवात धरतात, त्यात सगळ्यांना एका साच्यात घालणं नको, समान संधी, सांस्कृतिक वैविध्य आणि परस्पर सहिष्णुता हवी असं मांडलंय. फ्रान्समध्ये तोच शब्द जवळजवळ उलटा वापरतात: सरकारच्या लेखी वेगळे धार्मिक समाज-बिमाज काही नाहीत, फक्त नागरिक.

डोक्यावरचा स्कार्फ घेतला तरी फरक दिसतो. ब्रिटनमध्ये बऱ्याच शाळा युनिफॉर्मच्या रंगाचा स्कार्फ चालवून घेतात. फ्रान्समध्ये सरकारी शाळेत तो काढूनच जावं लागतं, कायदा २००४ चा, पण वाद १९८९ मध्ये पॅरिसजवळच्या क्रेय गावात तीन मुलींना वर्गाबाहेर काढलं तेव्हापासूनचा. जर्मनीत कोर्टात गाजला तो शिक्षिकेचा स्कार्फ, २००३ ला आणि पुन्हा २०१५ ला. अमेरिकेत स्कार्फमुळे कपड्यांच्या दुकानात नोकरी नाकारलेल्या मुलीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये ८ विरुद्ध १ असा निकाल दुकानाच्या विरोधात दिला.

असं का, यावर दोन मतं. पहिलं: धर्म आणि सरकारचं जुनं नातं. फ्रान्सचा धर्म आणि सरकार वेगळं करणारा १९०५ चा कायदा मुळात कॅथलिक चर्चला आवर घालायला आला. ब्रिटनमध्ये चर्चच्या शाळांना सरकारी पैसा मिळतच होता, मग १९९८ मध्ये मुस्लिम शाळेलाही मिळाला. जर्मनीत सरकारला समोर चर्चसारखी संस्था लागते आणि इस्लाममध्ये तशी रचनाच नाही, तरी हेसेन राज्यात २०१३ मध्ये अहमदिया जमातीला (एक मुस्लिम पंथ) चर्चसारख्या संस्थेचा दर्जा मिळाला. हे मत बरंचसं पटतं, पण फ्रान्सच्या ईशान्येकडच्या आल्सास-मोझेलपाशी अडतं. १९०५ ला हा भाग जर्मनीकडे होता म्हणून तो कायदा तिथे लागू नाही, पाद्री आणि रब्बी आजही सरकारी पगारावर आहेत, इमाम मात्र नाहीत.

दुसरं मत विचारतं, मुळात आलं कोण? पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमध्ये मंगला धरणात गावं बुडालेले मीरपुरी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरण्यांत आले आणि राष्ट्रकुलाचे म्हणून लगेच मतदारही झाले, तर १९६१ च्या कराराने जर्मनीत आलेले तुर्की मजूर 'पाहुणे'च राहिले आणि तिथे जन्मलेल्या पोरांना जन्मावरून (तेही अटींसह) नागरिकत्व मिळायला २००० साल उजाडलं. अमेरिकेत १९६५ नंतर बरेच डॉक्टर-इंजिनियर आले. तिथले काळे मुसलमान तर बहुतेक स्थलांतरित नाहीतच, अशा तुलनांमधून ते हमखास सुटतात.

आकड्यांचं म्हणाल तर इंग्लंड-वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत मुसलमान ६.५ टक्के. फ्रान्स आणि अमेरिकेत जनगणनेत धर्म विचारतच नाहीत, सगळे सर्व्हेवरचे अंदाज. कॅनडात फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांताचा २०१९ चा कायदा (शिक्षक, पोलीस वगैरेंना कामावर धार्मिक चिन्हं घालायला बंदी) फ्रेंच वळणाचा, बाकीचा देश ब्रिटिश वळणाचा.