किटवरची ती लालसर रेघ सोन्याची असते

कोविडमध्ये घरोघरी नाकात काडी घालून टेस्ट झाल्या, पण ती रेघ कशाची असते असं विचारलं की बहुतेकजण म्हणतात शाई असेल, नाहीतर लिटमससारखं काहीतरी रंग बदलणारं केमिकल. बऱ्याचशा किटमध्ये ते चक्क सोनं असतं, २०-४० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) गोळे, अंगावर अँटिबॉडी चिकटवलेले. प्रेग्नन्सी किटमध्येही तेच. (किट फोडून सोनं काढायला जाऊ नका, मेहनतही वसूल होणार नाही!)

मग सोनं पिवळं सोडून लाल का? धातूत इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात. प्रकाश म्हणजे सतत दिशा पालटणारं विद्युत क्षेत्र, आणि कण प्रकाशाच्या तरंगलांबीपुढे इतका चिमुकला की अख्ख्या कणाला एका क्षणी एकसारखंच क्षेत्र जाणवतं, त्यामुळे सगळे इलेक्ट्रॉन एकदम एका बाजूला सरकतात, दुसरीकडे धन प्रभार उघडा पडतो, तो त्यांना मागे खेचतो, ते पलीकडे जातात, झोपाळाच म्हणा ना. झोपाळ्याच्या लयीत धक्का बसला की झोका वाढत जातो, तसं सुमारे ५२० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश इथे बरोबर लयीत बसतो आणि गिळला जातो, आपल्याला उरलेला लाल दिसतो. गणितात सांगायचं तर सोन्याचा परावैद्युतांक, म्हणजे विद्युत क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो तो आकडा (हो, या प्रकाशाला तो ऋण असतो), भोवतालच्या पाण्याच्या उणे दुप्पट झाला पाहिजे, म्हणजे साधारण उणे साडेतीन. चांदीत हेच ४०० च्या आसपास जमतं, म्हणून तिचं द्रावण पिवळं.

खरी गंमत पुढे आहे. सोन्याचे हे कण पाण्यात असलेल्या लाल द्रावणात चिमूटभर मीठ टाका. कणांवर ऋण प्रभार असतो म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात, मिठाचे आयन तो प्रभार झाकतात, कण गोळा होतात, शेजाऱ्यांचे झोके एकमेकांत अडकतात आणि बघता बघता द्रावण निळं-जांभळं होतं. फॅराडेने १८५७ मध्येच ओळखलं होतं की हा रंग बारीक सोन्याचा आहे, तेही इलेक्ट्रॉनचा शोध लागायच्या ४० वर्षं आधी. पूर्ण हिशोब १९०८ मध्ये गुस्ताव मी (Mie) या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने मांडला.

आता कोणीतरी म्हणणारच की आमच्या सुवर्णभस्मात हे आधीपासून होतं. असतील बारीक कण, पण कण बारीक आहे म्हणून औषध लागू पडतं असं होत नाही, त्याच्या चाचण्या वेगळ्या कराव्या लागतात. आणि २०१६ मध्ये २००० च्या नोटेत नॅनो चिप शोधणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं.

सेमीकंडक्टरच्या कणात मात्र झोपाळा नसतो. तिथे इलेक्ट्रॉनला जागाच अपुरी पडते, कण जितका लहान तितकी ऊर्जापातळ्यांमधली फट मोठी, म्हणून कॅडमियम सेलेनाइडचा २ नॅनोमीटरचा कण निळा चमकतो आणि ६ चा लाल. याच क्वांटम डॉट्ससाठी एकिमोव्ह, ब्रुस आणि बावेंडी यांना २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. तुमच्या क्यूएलईडी टीव्हीत हेच असतात, फक्त कॅडमियम विषारी म्हणून कंपन्या इंडियम फॉस्फाइडकडे वळल्यात, पण त्यात रंग तितका नेमका येत नाही, ती मारामारी अजून चालूच आहे.