फोन आणि संगणक यांच्यातील बिनतारी फाईल देवाणघेवाण

केबल न लावता आणि इंटरनेटवर न चढवता, एका उपकरणातली फाईल जवळच्या दुसऱ्या उपकरणात थेट पाठवण्याची पद्धत. मराठवाड्यात तिचा रोजचा वापर झेरॉक्सच्या दुकानात, आपले सरकार सेवा केंद्रावर, लग्नाचे शूटिंग करणाऱ्या स्टुडिओत आणि लातूर-नांदेडच्या क्लासच्या नोट्स वाटताना दिसतो. ग्राहकाच्या फोनमधला सातबारा दुकानाच्या संगणकात जायचा असतो, प्रिंट काढायची असते आणि मागे रांग असते.

दोन्हीकडे ब्लूटूथ किंवा वाय-फाय आहे एवढ्याने फाईल जात नाही. लहरी त्याच असल्या तरी त्यांवरून फाईल देण्याघेण्याचे नियम प्रत्येक कंपनीने वेगळे केले आहेत, आणि बहुतेक अडचणी तिथल्या असतात. आयफोनचेच पाहा. त्याचे ब्लूटूथ हेडफोन चालवते, लॅपटॉपशी पेअरही होते. पण ब्लूटूथवरून फाईल ढकलण्याची जुनी सोय ॲपलने त्यात ठेवलेलीच नाही. पेअर झाल्याचे दिसत असूनही फोटो पाठवण्याचा पर्याय सापडत नाही, कारण तो नाहीच.

ब्लूटूथ

अँड्रॉइड आणि विंडोज यांच्यात ब्लूटूथ चालते, पण बैलगाडीच्या चालीने. प्रत्यक्ष वेग सेकंदाला फार तर २ मेगाबिट, म्हणजे साधारण पाव एमबी. २ एमबीची पीडीएफ आठ-दहा सेकंदांत जाते, १ जीबीच्या व्हिडिओला तासाहून जास्त लागतो. शिवाय विंडोज आपणहून फाईल स्वीकारत नाही. टास्कबारवरच्या ब्लूटूथच्या चिन्हावर राइट क्लिक करून आधी ‘रिसीव्ह अ फाइल’ उघडून ठेवायचे, मग फोनवरून पाठवायचे. हा क्रम चुकला की फोनवर ‘फेल्ड’ उमटते आणि बोल मात्र फोनला लागतो. फाईल पूर्ण आल्यावर जागा निवडून ‘फिनिश’ दाबणेही लक्षात ठेवावे लागते.

कंपन्यांच्या सोयी

ॲपलचे एअरड्रॉप मॅकवर २०११ मध्ये आणि आयफोनवर २०१३ मध्ये आले. आयफोन व मॅक एकमेकांना फाईल देऊ लागले ते २०१४ पासून. ब्लूटूथवरून समोरच्याला हुडकायचे आणि वाय-फायवरून फाईल धाडायची, अशी त्याची रीत आहे. विंडोजसाठी एअरड्रॉप नाही.

गूगलने निअरबाय शेअर ऑगस्ट २०२० मध्ये आणले, २०२३ मध्ये त्याचे विंडोज ॲप आले आणि जानेवारी २०२४ मध्ये ते सॅमसंगच्या सोयीत मिसळून क्विक शेअर झाले. संगणकावर त्याला ६४-बिट विंडोज १० किंवा पुढचे लागते. जुन्या संगणकांवर ३२-बिट विंडोज असेल तर ते बसत नाही. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टम’, ‘अबाउट’ येथे ‘सिस्टम टाइप’ पाहिले की उलगडा होतो. विंडोजमध्ये २०१८ पासून असलेले ‘निअरबाय शेअरिंग’ वेगळे आहे. ते फक्त विंडोज ते विंडोज चालते, फोनला दिसत नाही. नावांच्या या सारखेपणाने बराच वेळ खाल्ला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्विक शेअर आणि एअरड्रॉप यांच्यात दार उघडले, पण सुरुवात केवळ गूगलच्या पिक्सेल १० फोनांपासून झाली.

शेअरइट आणि झेंडर ही एके काळी घरोघरी असलेली ॲप २९ जून २०२० रोजी भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये होती.

एकच वाय-फाय, एकच ॲप

कोणताही फोन आणि कोणताही संगणक जुळवायचा तर खात्रीचा मार्ग हाच. लोकलसेंड हे मोफत, मुक्तस्रोत ॲप अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक आणि लिनक्स या सगळ्यांवर चालते. दोन्ही उपकरणे एका वाय-फायवर आणायची, दोन्हीकडे ॲप उघडे ठेवायचे, फोनवर फाईल निवडून संगणकाच्या नावावर टिचकी मारायची आणि संगणकावर स्वीकारायचे.

राउटर नसेल किंवा लाइट गेल्याने बंद पडला असेल, तर फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला पुरतो. फाईल दोन उपकरणांमध्येच फिरते, त्यामुळे तिच्यासाठी डेटा पॅक खर्च होत नाही. खर्च होतो तो दुसऱ्या वाटेने: हॉटस्पॉट मिळताच विंडोज अपडेट उतरवू लागते. म्हणून त्या जोडणीला विंडोजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ (डेटा जपून वापरायची जोडणी) करून ठेवावे किंवा अँड्रॉइडवर मोबाइल डेटा बंद करून नुसता हॉटस्पॉट चालू ठेवावा.

दुकानातल्या डेस्कटॉपला बहुधा वाय-फाय नसते. मागे वाय-फाय पकडणारा नखाएवढा डोंगल लावलेला असतो. स्वस्त डोंगल वाय-फायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा लहरींचा पट्टा (बँड) ओळखतो. फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असला तर त्याचे नाव यादीत येतच नाही, मग पासवर्ड कितीही बरोबर असो. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटचा बँड २.४ करावा, आयफोन १२ आणि पुढच्या फोनांत ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ चालू करावे. याची किंमत वेगात मोजावी लागते. २.४ वर सेकंदाला ४-५ एमबी मिळाले तरी पुष्कळ, म्हणजे ८ जीबीच्या लग्नाच्या व्हिडिओला अर्धा तास. ५ गिगाहर्ट्झवर चांगल्या लॅपटॉपला तेच काम पाच-सात मिनिटांचे. लग्नसराईत रोज असा माल हलवणाऱ्या स्टुडिओने दोन्ही बँडचा डोंगल घ्यावाच.

एकाच वाय-फायवर असूनही संगणक फोनला दिसत नसेल, तर पहिला संशय विंडोजच्या फायरवॉलवर घ्यावा. नवे वाय-फाय जोडताना विंडोज त्याला ‘पब्लिक’ धरते आणि बाहेरून येणारी हाक अडवते. घरचे किंवा दुकानाचे जाळे ‘प्रायव्हेट’ करून ॲपला परवानगी द्यावी. लोकलसेंड ५३३१७ या क्रमांकाचा पोर्ट (संगणकात शिरण्याची वाट) वापरते. लॉज, वसतिगृह किंवा ग्रंथालयाच्या वाय-फायवर मात्र सेटिंग बदलून उपयोग होत नाही: तिथला राउटरच अनेकदा ग्राहकांना एकमेकांपासून तोडून ठेवतो. तिथे सरळ हॉटस्पॉट लावावा. आयफोनवर ॲपने ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी मागितली असताना घाईत नकार दिला गेला असेल, तर यादी कायम रिकामी राहते, ती परवानगी प्रायव्हसीच्या सेटिंगमधून पुन्हा देता येते. चालू असलेला व्हीपीएनही (फोनचे नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारी सोय) हाच घोळ घालतो. आणि मोठी फाईल जात असताना आयफोनची स्क्रीन बंद होऊ देऊ नये, काम अर्ध्यात थांबते.

ॲप टाकायचे नसेल तर विंडोजमध्ये फोल्डर शेअर करून आयफोनच्या ‘फाइल्स’मधील ‘कनेक्ट टू सर्व्हर’ने तो उघडता येतो; ही सोय २०१९ च्या आयओएस १३ पासून आहे. तिथे संगणकाचा चार आकडी पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो.

पोचली, पण उघडेना

आयफोन २०१७ पासून फोटो एचईआयसी प्रकारात साठवतो. जादा एक्स्टेन्शन नसलेल्या विंडोजवर तो उघडत नाही. कॅमेऱ्याच्या ‘फॉरमॅट्स’मध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडल्यास पुढचे फोटो जेपीजी निघतात; आधीचे मात्र बदलून घ्यावे लागतात. आलेला व्हिडिओ पेनड्राइव्हवर टाकताना ४ जीबीला अडला, तर पेनड्राइव्ह ४ जीबीहून मोठी फाईल न घेणाऱ्या फॅट-३२ प्रकारचा आहे असे समजावे आणि आतला माल काढून तो एक्सफॅट प्रकारात फॉरमॅट करावा.

मराठी मजकुराची खोड आणखी वेगळी. संगणकावर श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली लग्नपत्रिका किंवा अर्ज फोनवर उघडला की इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. फाईल खराब झालेली नसते. फोनमध्ये तो फॉन्ट नसतो. फॉन्ट आत बसवून पीडीएफ करून पाठवावी किंवा मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या उपकरणांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलून घ्यावा. लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवणारी फाईल आली तर ती उघडूच नये. पत्रिका फोटोत येते, पीडीएफमध्ये येते, ॲप होऊन येत नाही.

पाठवलेली फाईल ही प्रत असते. प्रिंट हातात आली तरी आधार कार्ड दुकानाच्या संगणकावरच्या ‘डाउनलोड्स’मध्ये पडून राहते. काउंटर सोडण्याआधी ते आपल्यासमोर शिफ्ट-डिलीट करून घ्यावे. नुसत्या डिलीटने ते रिसायकल बिनमध्ये जाऊन बसते.