बिग ब्लूस्टेम: तुऱ्यावरून बुंध्याकडे

अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातल्या उंच गवताच्या कुरणांचं, म्हणजे टॉलग्रास प्रेअरीचं, सर्वांत प्रमुख बहुवर्षायू गवत म्हणजे बिग ब्लूस्टेम. पण त्याच्या शास्त्रीय नावात आहे एक फ्रेंच माणूस. प्रॉव्हान्सच्या वनस्पतींची नोंद करणाऱ्या लुई जेरार यांच्यावरून इटलीच्या फुल्जेन्झिओ व्हिटमन यांनी १७९२ मध्ये त्याला अँड्रोपोगॉन जेरार्डी म्हटलं. अमेरिकेत मात्र बराच काळ फर्केटस हे नाव चाललं. गवतांचे अभ्यासक हिचकॉक यांच्या १९३५ च्या, अमेरिकेतल्या गवतांवरच्या सरकारी हस्तपुस्तिकेत तेच होतं. अ‍ॅग्नेस चेस यांनी सुधारलेल्या १९५० च्या आवृत्तीत जेरार्डी आलं.

त्या काळात ओळख तुऱ्यावरून व्हायची. दांड्याच्या टोकाला टर्की पक्ष्याच्या पायासारखी, बहुधा तीन बोटं फुटलेली दिसली की प्रश्न मिटे. पण १८३७ मध्ये जॉन डिअर यांनी पोलादी नांगर बनवला, प्रेअरीची चिवट जमीन उलथली जाऊ लागली, आणि आज मूळ टॉलग्रास प्रेअरी चार टक्क्यांहूनही कमी उरली आहे. कॅन्ससच्या खडकाळ फ्लिंट हिल्समध्ये नांगर चालेना, म्हणून तिथे ती टिकली. इतरत्र रेल्वेच्या कडेला, जुन्या कबरस्तानांत चिंचोळे तुकडे राहिले. तिथलं गवत कापलेलं किंवा चरलेलं असलं की तुरा कुठला बघणार? आणि कुरण पुन्हा उभं करायचं तर बियाणं याच तुकड्यांतून मिळायचं. मॅडिसनला विस्कॉन्सिन विद्यापीठाने १९३० च्या दशकात पडीक शेतावर प्रेअरी लावायला घेतली, तेव्हापासून या ओळखीला फार मोल आलं.

म्हणून खाली वाकून बुंधा बघायचा. पात्याचा जो भाग दांड्याला लपेटलेला असतो, त्यावर तळाशी बहुधा लव असते; पातं सुटतं तिथे आखूड, पातळ पापुद्रा असतो. प्रेअरीतली इतर गवतं यावरूनच वेगळी काढता येतात: इंडियन ग्रासचा पापुद्रा ताठ आणि टोकदार, स्विचग्रासला तिथे केसांची झालर, लिटल ब्लूस्टेमचा बुंधा चपटा. दांड्यावर निळसर मेणचट पूड असते. ज्वारीच्या ताटावर बोट फिरवल्यावर हाताला लागते तशीच, आणि ज्वारी याच गटातली. नुसत्या या पुडीवर मात्र भिस्त ठेवू नये, ती कमीजास्त असते.

खरी कसोटी नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांवर लागते. तिथल्या सँड ब्लूस्टेम या जवळच्या गवताशी याचा संकर होतो, त्यामुळे सँड ब्लूस्टेमची जमिनीखाली लांब पसरणारी खोडं आणि तुऱ्यावरची दाट पिवळसर लव, दोन्ही तपासावं लागतं.